जमलेली टाकी

"आई, फोन जरा टाकीकडे फिरव," नागसेन म्हणाला, आणि आनंदीबाईंच्या तळहाताला भर थंडीत घाम फुटला. रविवार सकाळचा, नागपूरहून बालाघाटला येणारा व्हिडिओ फोन होता. तोवर सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. गुडघा झाला, थंडी झाली, नातीची, खुशीची, परीक्षा झाली, सुनेची, आम्रपालीची, सर्दी झाली. आता 'ठेवतो' म्हणायची वेळ आली होती आणि मध्येच हे निघालं. त्यांनी फोन फिरवला, पण मुद्दाम हात हलता ठेवून, म्हणजे म्हातारपणाचा कंपही दिसेल आणि माशांची टाकी नीट दिसणार नाही. "स्थिर धर," नागसेन म्हणाला. तो त्यांचाच मुलगा होता. त्यांनी हात स्थिर धरला. मग पलीकडे तो फोनवर वाकला. टाकीतला पंप तेवढा बुडबुड करत राहिला. "पानं पिवळी पडून राह्यली, आई. भोकं पडली त्यायले. तळाची माती मेली. इतकी वर्षं झाली, तिच्यात काही राह्यलं नाही आता." आणि आवाज खाली आणून तो म्हणाला, "संपली टाकी." हा आवाज आनंदीबाईंच्या ओळखीचा होता. बिरशाच्या दवाखान्यात नर्स असताना, आतून बाहेर येऊन, पदराला हात पुसत, व्हरांड्यात बसलेल्या नातेवाइकांशी त्या स्वतः अशाच आवाजात बोलायच्या. आज पहिल्यांदा त्या व्हरांड्याच्या बाजूला बसल्या होत्या.

टाकी तशी नागसेनचीच. कॉलेजात असताना त्याने ती गोंदियाहून जीपमध्ये मांडीवर धरून आणली, लहान बाळ आणावं तशी, आणि घरात कोणालाही न विचारता पुढच्या खोलीत खिडकीशेजारी मांडली. खाली माती, मातीवर रेती, रेतीत झाडं, झाडांवर दिवा. "बाहेर एवढे तलाव पडले असताना घरात कायले आणखी एक?" एवढंच त्याचे वडील दुलीचंद बोलले होते. उकव्याच्या मॅंगनीज खाणीतल्या कारकुनीतून निवृत्त झालेला तो माणूस काळ्या धुळीला कंटाळलेला होता. पाण्याची त्याला हरकत नव्हती. पुढे नागसेनला नागपूरला नोकरी लागली, लग्न झालं, तो गेला. पोरं जाताना कपडे नेतात, छंद आईकडे ठेवून जातात. मग दुलीचंदच टाकीसमोर खुर्ची टाकून बसू लागले. लोक म्हणायचे, पाहा, माशांवर किती जीव आहे. आनंदीबाईंना खरं माहीत होतं. टाकीकडे टक लावून बसलेल्या माणसाला कोणी दळण आणायला सांगत नाही. ते गेल्यावर खुर्ची उचलली गेली, टाकी राहिली. आनंदीबाईंना माशांबद्दल फारसं प्रेम नव्हतं, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. सासरच्या दूरच्या पाहुण्याला वेळेवर जेवायला वाढावं, तशा त्या त्यांना वेळेवर दाणे टाकत. पण गेली काही वर्षं त्या टाकीने त्यांचं जे काम केलं होतं, ते पोटच्या पोरानेही केलं नसतं.

त्याचं असं, की दुलीचंद गेल्यापासून नागसेनचं एकच म्हणणं होतं: आई, नागपूरला चल. आणि आनंदीबाईंना जायचं नव्हतं. का जायचं नव्हतं, हे त्यांनाही नेमकं सांगता आलं नसतं. आम्रपाली चांगली होती. दोष द्यायला ती जागाच ठेवत नसे, ही एक अडचणच होती. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट उजेडाचा होता, लिफ्ट कधी बंद पडत नव्हती. पण तिथे गेल्या की त्यांना वाटे, आपण बसस्टँडवर बसलो आहोत. जागा स्वच्छ आहे, पंखा आहे, शेजारचे लोक सभ्य आहेत, पण आपली गाडी अजून लागायची आहे. हे पोराला कसं सांगणार? म्हणून त्यांनी कारणं काढली. आधी पेन्शनचं काम काढलं, ते एक दिवस खरोखरच झालं. मग गुडघा काढला, तर नागपुरात गुडघ्याचे डॉक्टर गल्लोगल्ली निघाले. मग वॉर्डातल्या विहाराचं नाव घेतलं, की पौर्णिमेच्या वंदनेला मी नसले तर बायका कोणाच्या मागे म्हणतील. आणि बोलता बोलताच त्यांच्या लक्षात आलं की विहारांच्या बाबतीत नागपूरपुढे बालाघाटची गोष्ट काढणं म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे. शेवटी एका दिवाळीला, अगदीच कोंडीत सापडल्या असताना, त्यांची नजर टाकीकडे गेली. "आणि हिले कोण पाहील?" त्या म्हणाल्या. "सोबत नेऊ," नागसेन म्हणाला, आणि लगेच स्वतःच थांबला. कारण त्यानेच कॉलेजात असताना, टाकी जरा सरकवून झाडायला निघालेल्या आईच्या हातून झाडू काढून घेत, शंभरदा बजावलं होतं: जमलेली टाकी हलवायची नसते. माती, पाणी, झाडं, मासे यांचं एकमेकांशी जमायला वर्षं लागतात. हलवली की सगळं बिघडतं. आनंदीबाईंनी ते वाक्य त्याला जसंच्या तसं परत केलं. तेव्हापासून त्या निर्धास्त होत्या.

आणि आता तोच म्हणत होता, संपली टाकी. पुढचं वाक्य त्याने अजून उच्चारलं नव्हतं, पण फोनच्या काचेवर ते येऊन उभं राहिलेलं त्यांना दिसत होतं. ते आत यायच्या आधी दार लावायला हवं म्हणून त्या घाईने म्हणाल्या, "माती मी बदलते."

नागसेन दाढीच्या साबणातून हसला. मग हसता हसता त्याचा चेहरा बदलला. कॉलेजातला पोरगा त्याच्यात अजून जिवंत होता आणि कोणीतरी त्याला माती बदलायची म्हणत होतं. तो जो सुरू झाला तो दाढी अर्धी ठेवून. मासे टाकीतल्याच जुन्या पाण्यात काढायचे, नळाच्या नाही. फिल्टरचा स्पंज धुवायचा नाही, तो घाणेरडाच राहू द्यायचा, कारण त्या घाणीवरच टाकी चालते. झाडं अलगद उपटायची. खाली नवी माती, वर धुतलेली रेती, आणि पाणी ओतताना खाली ताट ठेवायचं, म्हणजे गढूळ होणार नाही. सगळं एका दिवसात आटपायचं. कोपऱ्यातल्या त्या तपकिरी पानांच्या झाडाला मात्र मातीच्या ढेकळासकट उचलायचं; त्याला हलवलं की त्याची सगळी पानं विरघळून जातात, मेलंच असं वाटतं, आणि कधीतरी पुन्हा फुटतात. "सगळ्यायचंच असं होते का?" आनंदीबाईंनी विचारलं. "नाही, काहीकाहीचंच," नागसेन म्हणाला, आणि त्यांना त्या झाडाबद्दल पहिल्यांदाच काहीतरी वाटलं. "मी पुढच्या रविवारी येतो दुपारपर्यंत. पाहतो. नाही जमलं तर मग..." ते 'तर मग' त्याने ओल्या टॉवेलसारखं तिथेच टाकलं आणि उरलेली दाढी करायला गेला.

माती लामत्याहून आली. आनंदीबाईंचं माहेर लामत्याचं; धाकटा भाऊ महागू अजून तिथेच होता. टाकीत घालायला बांधीतली थोडी माती हवी, एवढंच त्यांनी फोनवर सांगितलं. बांधी म्हणजे धानाचं बांधबंदिस्तीचं शेत. तिथली चिकट काळी माती त्यांनी लहानपणी जेवढी अंगाला लावली तेवढा साबण पुढे जन्मभर लावला नसेल. महागूला 'थोडी' हा शब्द कधीच कळला नाही. तो बसच्या टपावर अख्खं पोतं घालून आला, ते अंगणात आपटलं, आणि टाकीसमोर उभा राहून माशांकडे वाकून पाहू लागला. त्याने विचारलं, हे खायचे आहेत का. त्या म्हणाल्या, नाही. मग मोठे होतात का. नाही. मग ते दिवसभर करतात काय. "काही नाही," त्या म्हणाल्या. महागूने जरा विचार केला. "बाई, याच्यासाठी मले बांधी खोदायले लावली का तू?" तो म्हणाला, आणि चहा पिऊन पुन्हा एकदा, जाता जाता, वाकून पाहून गेला.

शनिवारी सकाळी त्यांनी लुगड्याचा ओचा खोचला. आधी मासे. नारिंगी मासे भोळे होते, जाळी दिसली की तिच्यातच येत. अडला तो पटवारी. हा तळाला राहणारा, काळा, चपट्या तोंडाचा मासा टाकीइतकाच जुना होता. दिवसभर काचेला आणि दगडांना तोंड लावून कुठे काय वाढलं, कुठे काय खचलं हे तपासत फिरायचा, आणि दिवा लावला की लाकडाखाली जाऊन बसायचा. त्याच्या या वागण्यावरूनच आनंदीबाईंनी त्याला हे तलाठ्याचं नाव दिलं होतं. आता त्याच्या हद्दीत जाळी शिरताच त्याने जी धावपळ केली, ती पाहून त्यांना स्वतःच्या बदल्या आठवल्या. बिरसा, मग उकवा, मग पुन्हा बिरसा. दर वेळी ऑर्डर येई, दर वेळी त्या ट्रंक भरत, बैहरच्या बसच्या टपावर ट्रंक चढे, आणि दर वेळी नव्या गावात पोचून दोन दिवस होत नाहीत तो कोणीतरी दार ठोठावून म्हणे, सिस्टरबाई, चला, बाई अडली. कुठे जायचं हे कोणी विचारलं नाही. जायचं का, हा प्रश्न तर सरकारी कागदात कुठे नसतोच. पटवारी शेवटी सापडला तो जाळीत नाही, तर आनंदीबाईंनी हात घालून सरळ मुठीत धरला तेव्हा, आणि त्या खरखरीत, थंडगार, रागावलेल्या अंगाचा स्पर्श होताच त्या चटकन म्हणाल्या, "झालं हं, झालं, घाबरू नको." हे त्या कोणालाही म्हणत, हाताला काही ओलं आणि धडपडणारं लागलं की तोंडातून तेच निघे. मासे त्यांनी धान्याच्या स्टीलच्या कोठीत, जुन्या पाण्यात सोडले आणि वर भोकांचं झाकण ठेवलं. स्पंज एका डब्यात घातला. पाणी नळीने काढून अंगणातल्या वांग्यांना घातलं.

मग खालची माती. वरून ती पिवळी, सालस दिसत होती. वाटीने पहिला घाव घातला तसा आतून मोठ्ठा बुडबुडा निघाला आणि सडक्या अंड्यांचा असा काही वास सुटला, की भिंतीपलीकडून गोदाबाईंनी ओरडून विचारलं, कोणाची नाली फुटली. गोदाबाई शेजारच्या, नाकाच्या आणि कानाच्याही तीक्ष्ण. आनंदीबाई खोकल्या, डोळ्यांतून पाणी आलं, आणि खोकताखोकताच त्यांनी तो वास पुन्हा एकदा, चोरून, आत ओढला. उन्हाळ्यात लामत्याचा तलाव आटत आला की असाच वास गावभर असे, आणि सगळी पोरं गुडघाभर चिखलात शिंगाडे नाहीतर मासोळ्या चाचपत फिरत. आई काठावरून नावानिशी शिव्या देई. आनंदी, काहून तिकडे गेलती तू. त्या आवाजाला एवढी वर्षं झाली, आणि या घाणीत तो जसाच्या तसा सापडावा? झाडांमधली काळी माती वाटीवाटीने निघत होती आणि आनंदीबाई तोंडाला पदर लावून, काही केल्या कमी न होणाऱ्या मजेत, ती उपसत होत्या. जाळीदार मुळं तिच्यात अशी गुंतली होती, की कुठलं मूळ कुठल्या झाडाचं हे झाडांनाही सांगता आलं नसतं.

झाडं उपटताना मात्र घोटाळा झाला, आणि तो असा गुपचूप झाला की त्यांना कळलाही नाही. नागसेनने सांगितलेलं सगळं डोक्यात होतं, पण हात डोक्याचं ऐकेनात. लांब पात्यांचं ते गवतासारखं झाड त्यांनी बुडाशी धरलं, जरा मागे झुकवलं आणि ओढलं, ते मुळांसकट सुळकन हातात आलं. आणि तिथून पुढे त्या पुढच्या खोलीत नव्हत्या, बांधीत होत्या. पऱ्हा उपटायचा. पऱ्हा म्हणजे धानाची रोपं. ती एका कोपऱ्यात दाट पेरायची, वीतभर झाली की उपटून सगळ्या बांधीत रोवायची. उपटलेली मूठ पाण्यात दोनदा झटकायची, मुळाची माती सुटली पाहिजे. मग मनगटावर आपटून बुडं सारखी करायची, दोन मुठींची एक जुडी, आणि जुडीला बांध. तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, नव्हतं, म्हणून त्यांनी जुन्या सवयीने कपाटातली बँडेजची पट्टी घेतली. शेंडे वाढले होते ते कात्रीने सारखे कापले. एक जुडी, दुसरी जुडी. शेजारी आई होती, तिच्या पलीकडे मामी, आणि बांधाच्या धुऱ्यावर उभा राहून कोणीतरी जुड्या फेकत होतं, चिखलात पडताना त्यांचा थप थप आवाज येत होता. पऱ्हा उपटला की लगेच रोवायचा नाही. जुड्या रात्रभर पाण्यात उभ्या ठेवायच्या आणि सकाळी रोवणा. आई म्हणायची, एक रात्र पाण्यात राह्यला का त्याच्या मुळायले बरं वाटते. खरं कारण हे, की दिवसभर वाकून उपटणाऱ्या बायकांच्या कमरेत त्याच दिवशी रोवायला जीव उरत नसे; पण ते कोणी बोलत नसे, आणि पऱ्ह्याचंच नाव पुढे होई. तर आनंदीबाईंनीही तेच केलं. बँडेजने बांधलेल्या हिरव्या-पिवळ्या जुड्या बादलीत ओळीने उभ्या केल्या. तपकिरी झाड ढेकळासकट एका भगोन्यात ठेवलं. टाकी घासूनपुसून लख्ख केली आणि ऊन लागावं म्हणून गोदाबाईंच्या मदतीने व्हरांड्यात, दाराशी नेऊन ठेवली. चाळलेल्या मातीचं पोतं तोंड बांधून तिच्या शेजारी. कोठी, बादली, डबा, भगोनं, सगळं एका ओळीत. कंबर धरून त्यांनी त्या ओळीकडे पाहिलं आणि त्यांना फार समाधान वाटलं. सकाळी रोवून टाकू. दुपारी पोरगा येईल तेव्हा टाकी हिरवीगार उभी असेल, आणि ते 'तर मग' जिथल्या तिथे राहील.

नागसेन सकाळीच आला. खुशीला लवकर जाग आली होती म्हणे, मग निघालो. आनंदीबाई आत चहा गाळत होत्या; गाडीचं दार वाजलं, फाटक वाजलं, आणि नंतर काहीच वाजलं नाही. त्या कप घेऊन बाहेर आल्या तर तो पायरीवर उभा होता, चप्पलसुद्धा न काढता. तो टाकीकडे पाहत होता. पुसलेली टाकी, भोकांच्या झाकणाची कोठी, बांधलेल्या जुड्या, तोंड बांधलेलं पोतं, सगळं दाराशी, ओळीने.

"आई," तो म्हणाला, "तू तर सगळं बांधून ठेवलं."

"हौ, कालच बांधलं," त्या जरा अभिमानानेच म्हणाल्या. आणि मग त्याचा चेहरा पाहिला. लहानपणी शाळेतून पहिला आलेला असताना तो असाच पायरीवर उभा राही, आत येऊन सांगायच्या आधी. त्याचा हात खिशात गेला, फोन निघाला, कानाला लागला. "आम्रपाली, आई निघाली. खरंच. अगं, मासेपण भरून ठेवले, झाडायले पट्ट्या बांधल्या. मले काहीच बोलली नाही, पाहा." पलीकडून आम्रपालीचा आनंदाचा आवाज व्हरांड्यापर्यंत आला. खोली कधीपासून तयार आहे, पडदे कालच धुतले, असं ती म्हणत होती. खुशी कोठीच्या झाकणाला डोळा लावून बसली होती; ती मान वर करून म्हणाली, "दादी, मछली मेरे कमरे में नहीं रहेगी. आप रह सकते हो."

हे निस्तरायला एक वाक्य पुरलं असतं. अरे, हा पऱ्हा आहे, रोवायचा आहे. बस्. आनंदीबाईंनी तोंड उघडलं. पण नागसेनने त्यांच्या हातातला कप काढून घेऊन त्यांचे दोन्ही हात धरले होते. आजवर त्यांनी असंख्य बाया सोडवल्या, रात्रीबेरात्री कंदिलाच्या उजेडात, कधी बैलगाडीतसुद्धा. काय करावं हे कळलं नाही असं क्वचितच झालं. इथे कळेना. आणि वेळ अशा बाबतीत थांबत नाही. तेवढ्यात गोदाबाई भिंतीवरून डोकावल्या, काय ते ऐकून घेतलं, आणि फाटकातून आत येईपर्यंत डोळ्याला पदर लावलासुद्धा. मी म्हणतच होते, अशा हातापायानं एकटं कसं राहायचं, चांगलं झालं, पोरानं नेलं, असं त्या रडत रडत म्हणाल्या, आणि मग पदर तसाच ठेवून, एका डोळ्याने आत बघत, "तुमचा कूलर पडूनच राहीन ना इथं? उन्हाळ्यात मले लागन." आनंदीबाईंनी मान हलवली. ती होकाराची झाली. स्वतःच्या जाण्याच्या तयारीत त्यांनी स्वतः केलेली ही पहिली गोष्ट.

पुढचं सगळं एकामागून एक होत गेलं. पोतं डिकीत गेलं. टाकी त्यांच्याच पांघरायच्या दुलईत गुंडाळून मागच्या सीटवर गेली; तिच्याशेजारी जेमतेम खुशीपुरती जागा उरली. नागसेन आनंदाने बोलत होता, की जमलेली टाकी हलवायची नसते हे खरं, पण आई, आता ती रिकामीच झाली आहे ना? मग इथं काहून भरायची? तिकडंच भरू. माती पण तू नवी आणली, किती विचार केला तू. आपण केलेलं प्रत्येक काम असं आपल्याच विरुद्ध साक्ष द्यायला उभं राहताना पाहून आनंदीबाईंना भीतीच्या जोडीला हसूही येऊ लागलं. "तुझी बॅग कुठे?" त्याने विचारलं. आणि त्या आत गेल्या.

आत गेल्या, कपाट उघडलं, बॅग काढली आणि खरोखरच लुगडी भरू लागल्या. हात पुन्हा डोक्याचं ऐकत नव्हते. ऑर्डर आली की ट्रंक भरायची, एवढंच त्यांना माहीत होतं. पौर्णिमेच्या पांढऱ्या साडीवर हिरवी, हिरवीवर शाल. भरता भरता त्यांच्या मनात आलं, की आपण उभ्या जन्मात कधी 'नाही' म्हटलं का? नणंदेच्या डोहाळजेवणाला जायचं नव्हतं, तर ड्युटी आहे. सासरी घालवायचा महिना टाळला, तर ड्युटी आहे. उकव्याच्या एका कंपाउंडरने आपल्या भावासाठी त्यांना मागणी घातली होती, लग्नाआधी, तर तेव्हाही, हसू नका, ड्युटी आहे असंच त्या म्हणाल्या होत्या, आणि तो बिचारा 'मग सुटीच्या दिवशी येतो' म्हणाला होता. ड्युटी संपली, पेन्शन आली, तेव्हा दुलीचंद होते. दुलीचंद गेले, तेव्हा टाकी. नाही म्हणायला नेहमी कोणीतरी पुढे असायचं. आता टाकीसुद्धा दुलई गुंडाळून गाडीत जाऊन बसली होती. नुसतं 'नाही' म्हटलं तर काय होतं, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. छत पडत असेल कदाचित. पोरगा पुन्हा येत नसेल कदाचित. या दुसऱ्या विचारापाशी त्या बराच वेळ, शाल हातात धरून, उभ्या राहिल्या. बाहेर नागसेन खुशीला सांगत होता, दादीला पुढे बसू दे, तिचा गुडघा दुखतो.

त्या शाल घेऊनच बाहेर आल्या. "नागसेन," त्या म्हणाल्या, "मी नाही येत."

त्याला आधी कळलं नाही. तो म्हणाला, काही राहिलं असेल तर पुढच्या खेपेला नेऊ. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला, आणि तो पाहवेना म्हणून त्या त्याच्या शर्टाच्या गुंडीकडे पाहू लागल्या.

"काहून? टाकी तर चालली न सोबत."

"टाकी ने तू. तुझीच हाय ते. मी नाही येत."

"आम्रपाली काही बोलली?"

"नाही रे. तिच्यासारखी सून नाही."

"गुडघ्यानं चढणं नाही होत म्हणून? लिफ्ट हाय, आई."

"गुडघ्याचं काही नाही."

"मग काही तर कारण असन."

तो वाट पाहत होता. त्याला एखादं कारण दिलं असतं तर तो ते घेऊन गेला असता, हे त्यांना दिसत होतं; लहानसं चाललं असतं. जिभेवर दोन-तीन आलीही. गोदाबाई फाटकाशी थबकल्या होत्या, कूलरचं भवितव्य ऐकत.

"काही कारण नाही," आनंदीबाई म्हणाल्या. "मले इथंच राहाचं हाय."

छत पडलं नाही. नागसेन पायरीवर बसला. बराच वेळ तो नखाने चपलेवरची माती काढत राहिला. इतकी वर्षं नुसतं टाकीचंच सांगत राह्यली तू मले, असं काहीतरी तो पुटपुटला, आणि आनंदीबाईंनी ते नाकारलं नाही. मग त्याने विचारलं, पडलीबिडली तर? त्या म्हणाल्या, तर पडेन. तू ये. तो म्हणाला, मी येईपर्यंत तीन तास तशीच पडून राहशील का. त्या म्हणाल्या, गोदाबाईंना वास येईल. फाटकातून गोदाबाई म्हणाल्या, "मी काय कुठं जाऊन राह्यली?" नागसेनला हसू आलं. ते त्याने आवरलं, पण आलं होतं. त्याचा राग मात्र तसाच होता; तो काही एका सकाळीत जाण्यातला नव्हता, आणि आनंदीबाईंना ते कळत होतं. उठून त्याने न बोलता बादली पाय ठेवायच्या जागी ठेवली, तपकिरी झाडाचं भगोनं खुशीच्या मांडीवर दिलं. कोठी कुठे ठेवावी हे त्याला कळेना. शेवटी त्याने ती पुढच्या सीटवर ठेवली, जिथे आई बसणार होती, आणि डचमळू नये म्हणून तिला सीटबेल्ट बांधला. मागच्या सीटवरून खुशीने विचारलं, "पापा, दादी नहीं आ रही, तो ये दादी की सीट पे क्यों बैठा है?" नागसेन गाडी सुरू करता करता थांबला आणि खिडकीतून आईकडे पाहून म्हणाला, "या काळ्याले खायले काय देतेस तू?"

"काकडीची फोड," त्या म्हणाल्या. "दोऱ्यानं दगडाले बांधून सोडजो. नाहीतर वर येते."

गाडी वळली. सीटबेल्ट लावलेली कोठी ताठ बसून, तोंड नागपूरकडे करून गेली. आनंदीबाई फाटकाशी उभ्या राहिल्या. गाडीमागे चार पावलं टाकावीशी वाटली, आणि त्याच वेळी, फार वर्षांनी चोळी सैल करावी तसा श्वास आत गेला. दोन्हींपैकी खरं कोणतं हे ठरवायची त्यांनी घाई केली नाही. शाल अजून हातात होती, ती त्यांनी खांद्यावर टाकली.

"काहून नाही गेल्या?" गोदाबाईंनी विचारलं.

आनंदीबाईंनी तोंड उघडलं, आणि सवयीने जरा थांबल्या. "मन नाही झालं," त्या म्हणाल्या.

गोदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "हौ, मग कायले जाचं," त्या म्हणाल्या, आणि गॅसवर भात आहे म्हणत घरी निघून गेल्या.